कचेरीची वेळ आणि नाटकाची घंटा



कचेरी हा शब्द या गारगोटी गावाने रक्ताने ओळखला आहे. डिसेंबर १९४२ मध्ये येथील सरकारी कचेरीवर स्वातंत्र्यवीर चालून गेले आणि त्यांतील काहींनी देह ठेवले. त्या काळी कचेरी म्हणजे सत्तेचे ठाणे होते. पुढे स्वराज्य आले. बँका, सोसायट्या, पंचायत समित्या निघाल्या आणि शेतकऱ्यांची मुले त्यांतील खुर्च्यांवर बसली. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे काय झाले, याचा इतिहास फारसा कोणी लिहिला नाही. तो जितका लिहिला गेला, तितका आमच्या मते नाटकवाल्यांनी लिहिला. आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

आम्ही संघटनेतली माणसे. आमची भाषा तासांची आणि रुपया-आण्यांची. ही भाषा आम्हांस नारायण मेघाजी लोखंडे यांनी शिकविली. लोखंडे स्वतः लेखणीवर पोट भरणारे. रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी करून ते गिरणीत भांडारपाल झाले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस संघटित केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे कारखान्यांतील आठवड्याचे तास कायद्याने उतरत गेले. १९२२ मध्ये ६०, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने खाजगी कचेरीतल्या नोकरासही दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मिळाली.

इतके झाले, तरी एक प्रश्न उरलाच. गिरणीतला श्रम घामावरून दिसतो. कारकुनाचा श्रम दिसत नाही. त्याचे डोळे जातात, पाठ जाते, मन विटते. पण सदरा पांढराच राहतो. मागणीपत्रकात महागाई भत्ता लिहिता येतो, जादा कामाचा दर लिहिता येतो. 'हे सारे मी कशासाठी करतो?' हा प्रश्न कोणत्या कलमाखाली घालावा? तो रंगभूमीने उचलला.

मराठीत याचा फार जुना दाखला दिवाकरांचा आहे. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९ ते १९३१), पुण्यातले एक शिक्षक. १९११ पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र बोलते आणि त्या बोलण्यातून सारा संसार उभा राहतो. त्यांच्या एका नाट्यछटेचे नावच 'पंत मेले - राव चढले'. ही म्हण नोकरीपेशाच्या घरात आजही चालते. एक माणूस जातो, दुसऱ्यास जागा मिळते आणि काम तसेच पुढे सुरू राहते. माणूस आणि जागा यांत मोठे कोण, हे त्या म्हणीनेच सांगून टाकले आहे.

हा केवळ आपल्याकडचा अनुभव नव्हे. १९२३ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर एल्मर राइस यांचे 'द अॅडिंग मशीन' हे नाटक आले. त्याच्या नायकाचे नावच 'झिरो', म्हणजे शून्य. पंचवीस वर्षे बेरजा करून तो पगारवाढीची वाट पाहत असतो. मालक त्याला सांगतो की उद्यापासून बेरजा यंत्र करील. आपल्या देशात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत करार केला तो १९८३ साली. नाटकाने ते संकट साठ वर्षे आधी पाहिले होते.

१९६३ साली बंगालीत बादल सरकारांनी 'एवम् इंद्रजित' लिहिले. सरकार हे पेशाने नगररचनेच्या कामातले इंजिनिअर. नोकरी त्यांनी आतून पाहिली होती. नाटकात अमल, विमल, कमल अशी एकाच साच्यातली माणसे येतात. चौथ्यास नाव विचारले, तेव्हा तो 'निर्मल' असे सांगतो. त्याचे खरे नाव इंद्रजित; ते लपविण्याचे कारण भीती. हजेरीपटावर सही करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग मनाशी ताडून पाहावा. त्याच दशकात पु. ल. देशपांडे 'असा मी असामी'चे एकपात्री प्रयोग करीत होते. त्यातला धोंडोपंत जोशी हा एका साहेबी कंपनीतला कारकून. लोक पोट धरून हसत. आपल्याच जिण्यावर हसता येणे, ही त्यापासून चार पावले दूर उभे राहण्याची पहिली पायरी आहे.

आणखी एक गोष्ट इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून जे मंडळ उभे राहिले, त्याच्या नाट्यस्पर्धांमुळे कामगार स्वतः रंगमंचावर चढला. दिवसभर काम करून संध्याकाळी तालमीला येणारी ही माणसे. उरलेला वेळ माणूस कशात घालवितो, याचे उत्तर त्यांनी दिले.

आमचा एक अनुभव सांगतो. एका कचेरीत रोज दोन-दोन तास विनामोबदला बसवून घेत. आम्ही सभा घेतली. कोणी तोंड उघडीना. तेव्हा तिथल्याच चौघांनी दहा मिनिटांचा प्रवेश बसविला. कारकून रात्री घरी येतो; मुलगी म्हणते, 'बाबा, गोष्ट सांगा'; तो झोपेतच म्हणतो, 'रीतसर अर्ज करा.' सभागृह हसले आणि मग एकदम गप्प झाले. दुसऱ्या दिवशी जादा तासांची नोंद लिहून देण्यास सतरा जण पुढे आले. आमच्या वर्षभराच्या भाषणांनी जे झाले नाही, ते त्या एका वाक्याने केले.

हा विषय जुना झालेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास व जादा कामाचा मोबदला कायम राहील, असे सांगण्यात आले. त्यावर संघटनांनी लढावे, ते त्यांचे कामच आहे. परंतु खिशातला फोन कचेरी घरी घेऊन येतो, त्याची मोजदाद कोणत्या हजेरीपटावर होणार? तेथे पुन्हा नाटकच लागेल.

तुम्ही आज संध्याकाळी येथे बसला आहात. ही संध्याकाळ कोणीतरी भांडून मिळविलेली आहे. तिचे काय करावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. आमची विनंती एवढीच की, येथल्या कचेऱ्यांतील मंडळींनी येत्या वर्षी आपल्याच कचेरीवर एक लहानसे नाटक बसवावे. लिहिणारा मिळाला नाही, तर आपले रोजचे बोलणेच कागदावर उतरवून घ्यावे.