मुक्ता साळवेची चौदा वर्षे

इतिहासाच्या तासाला एकोणिसावे शतक आले की मी मुक्ता साळवेपासून सुरुवात करतो. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल आपण व्यासपीठांवरून अनेकदा ऐकवला आहे. परंतु त्याच निबंधात तिने आणखी एक दुःख मांडले आहे. डोक्यावर छप्पर नसताना, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे. त्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला बाळंतपण का आठवावे? कारण त्या काळी तिच्या वयाच्या मुलीपासून ते दुःख लांब नव्हते. आज तरी कितीसे लांब आहे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न ओळखला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना मुलींनाही शाळेत घालण्यास सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत, मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे त्यांनी बजावले. आपण पोरांच्या बाबतीत हे ऐकले. पोरींच्या बाबतीत नाही.

यामागे केवळ अज्ञान नाही, पोटाची व्यवस्थाही आहे. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड्याचा मुलगा. उसाच्या फडात मजूर एकटा मोजला जात नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणून पोरगा हाताशी आला की त्याला बायको लागते. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाच किलोमीटरवर. मग वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? दलित आईबापांची ही भीती खोटी नसते. वाटेत पोरीला अडवणाऱ्याच्या पाठीशी जात उभी असते, तिच्या बापाच्या पाठीशी कुणी नसते. तेव्हा बाहेरचा जातीचा धाक आणि घरातला लग्नाचा तगादा, या दोन्हींच्या मध्ये आपली हायस्कुलातली मुलगी सापडते. पहिल्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. दुसऱ्याविषयी आपले साहित्यही बव्हंशी गप्प राहिले.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नववीत होती. गणितात माझ्याहून हुशार. २००१ साली दिवाळीआधी तिचे लग्न लावले. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १९७८ पासूनच अठरा होते. मंडपात बाबासाहेबांच्या फोटोला हार मीच घातला. गुरुजी आले, चळवळीतले कार्यकर्ते आले, आशीर्वाद देऊन, जेवून गेले. कुणी तिचे वय विचारले नाही. त्या हंगामात एक नवा कोयता फडात उतरला. पुढे मी कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्या वर्षाच्या खाणावळीचे पैसे अक्काने आपल्या उचलीतून दिले.

हे केवळ माझ्या घरचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. हा आकडा सर्व जातींचा आहे. त्यात आपल्या किती, हे आपल्या वस्तीत मोजायला सरकार लागत नाही.

सभांमध्ये ‘घरातला पहिला पदवीधर’ अशी माझी ओळख करून देतात, तेव्हा मला अक्काची अर्धी राहिलेली नववी आठवते. तिची धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे आणि स्थळे येऊ लागली आहेत. मुलीला मंडपात आणण्याचा मान मामाचा. ती शिकून, अठरा पूर्ण करून, स्वतः हो म्हणेपर्यंत तो मान मला नको, असे मी दाजींना सांगितले आहे. ते रागावले आहेत. अक्का काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला मला बोलावले.