रजिस्ट्रीतील शिल्लक नोंदी

रजिस्ट्रीतील शिल्लक नोंदी म्हणजे एखादी आज्ञावली काढून टाकल्यावर किंवा तिची नवी आवृत्ती बसवल्यावर विंडोज कार्यप्रणालीच्या रजिस्ट्री या नोंदकोशात मागे राहिलेल्या जुन्या नोंदी. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु काहींमुळे एकच आज्ञावली यादीत दोनदा दिसते किंवा नवी आवृत्ती बसतच नाही.

पार्श्वभूमी

रजिस्ट्रीचे प्राथमिक रूप १९९२ साली विंडोज ३.१ मध्ये आले. विंडोज ९५ पासून तिचा वापर विस्तारला. १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत आलेल्या विंडोज इन्स्टॉलर सेवेने आज्ञावल्या बसवण्या-काढण्याचा हिशेब ठेवण्यास सुरुवात केली.

कारणे

या सेवेत आज्ञावलीला ‘प्रॉडक्ट कोड’ आणि तिच्या सर्व आवृत्त्यांना सामाईक ‘अपग्रेड कोड’ असतो. मोठ्या बदलाच्या वेळी पहिला बदलतो, दुसरा कायम राहतो आणि त्यावरूनच जुनी आवृत्ती शोधून काढली जाते. निर्मात्याने अपग्रेड कोडही बदलल्यास दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात. आवृत्ती क्रमांकाच्या पहिल्या तीनच भागांची तुलना होत असल्याने केवळ चौथा भाग वाढवणेही पुरेसे नसते. आज्ञावलीने चालू असताना स्वतः केलेल्या नोंदी इन्स्टॉलरला ठाऊक नसतात.

मराठी कळफलकाचे उदाहरण

मायक्रोसॉफ्टच्या ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ने तयार केलेल्या मराठी कळफलकाची नोंद संपूर्ण संगणकासाठी ‘कीबोर्ड लेआउट्स’ या विभागात होते. तो निवडणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याची नोंद मात्र ‘प्रीलोड’ या स्वतंत्र विभागात असते. शाळेतील सामाईक संगणकावर एका खात्यातून कळफलक काढला, तरी दुसऱ्या खात्यातील नोंद उरू शकते आणि नसलेल्या कळफलकाकडे निर्देश करीत राहते. म्हणून सुधारित कळफलक बसवण्यापूर्वी जुना कळफलक प्रत्येक खात्याच्या भाषासूचीतून वगळून मग काढणे हिताचे ठरते.

उपाय व दक्षता

निर्माता जुन्या नोंदी ‘रिमूव्ह रजिस्ट्री’ तक्त्यात नमूद करून नवी आवृत्ती बसताना त्या पुसू शकतो. वापरकर्त्याने प्रथम विंडोजच्या सेटिंग्जमधून जुनी आवृत्ती काढावी. ती निघत नसल्यास मायक्रोसॉफ्टचे दोषनिवारक साधन वापरावे. मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ हे साधन इतर घटकांना हानी पोहोचवू शकत असल्याने २०१० मध्ये मागे घेण्यात आले. रजिस्ट्री साफ करणाऱ्या आज्ञावल्यांनाही कंपनी पाठिंबा देत नाही. एकच नोंद अनेक आज्ञावल्या वापरत असू शकतात. त्यामुळे हाताने नोंद पुसण्यापूर्वी त्या विभागाची प्रत जतन करणे आवश्यक असते.