चहा-कॉफीची दुकाने, दक्षिण कोकणातील

चहा-कॉफीची दुकाने, दक्षिण कोकणातील : प्रवासमार्गावरील छोट्या गावांत स्थानिक मालकांनी चालविलेली उपाहारगृहे. ‘हॉटेल’ हा शब्द मराठीत निवासस्थानापेक्षा अशा चहा-फराळाच्या दुकानालाच अधिक रूढ आहे. मुंबई–गोवा महामार्गावर कणकवली व कुडाळ यांच्या दरम्यान असलेले कसाल (जि. सिंधुदुर्ग) हे अशा दुकानांचे नमुनेदार ठिकाण होय. येथील तिठ्यावरून कट्टामार्गे मालवणकडे रस्ता फुटतो. गाडी बदलण्यासाठी उतरलेल्या प्रवाशाला थांबावे लागते व या थांबण्यातूनच दुकान उभे राहते.

पेय विकत घेऊन अनोळखी लोकांसोबत बसण्याची प्रथा सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या आणि सतराव्या शतकात लंडनच्या कॉफीगृहांतून रुजली. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराण्यांची दुकाने निघाली. १९३६ मध्ये ‘इंडिया कॉफी हाऊस’ सुरू झाले. देशात चहाच्या प्रसारासाठी १९०३ च्या कायद्याने उपकर बसविण्यात आला व पुढे रेल्वेस्थानकांवरूनही प्रचार झाला. दक्षिण कोकणात मात्र त्या काळी रेल्वे नव्हती. तेथील प्रवास आगबोटीने मालवण, वेंगुर्ले इ. बंदरांपर्यंत आणि पुढे बैलगाडीने किंवा पायी होत असे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे चाकरमानी या मार्गाने गावी येत व शहरातील सवयीही सोबत आणीत. मोटारींची वाहतूक वाढल्यावर, विशेषतः १९४८ मध्ये राज्य परिवहन सेवा सुरू झाल्यानंतरच्या काळात, वर्दळ बंदरांकडून रस्त्यांकडे वळली आणि तिठ्यांना महत्त्व आले.

पैसे देणाऱ्या कोणालाही बसता यावे, हे तत्त्व आज स्वाभाविक वाटत असले, तरी ते सहजासहजी प्रस्थापित झालेले नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून न्या. रानडे, लो. टिळक प्रभृतींविरुद्ध प्रायश्चित्ताचा वाद उभा राहिला. तेथे प्रश्न उच्चवर्णीयांच्या आचाराचा होता. अस्पृश्य मानलेल्यांना तर हॉटेलात प्रवेशच नसे किंवा त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) साहाय्याने चहाचे दुकान काढले, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत. रत्नागिरीत १९३३ मध्ये वि. दा. सावरकर यांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह सुरू केले. मालवण हा भाग त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. भारतीय संविधानाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने उपाहारगृहात प्रवेश नाकारणे, तसेच तेथील भांडी वापरू न देणे हे गुन्हे ठरविले. एकाच बाकावर बसून एकसारख्याच पेल्यातून चहा पिणे ही कोकणातील प्रवासाची साधी गोष्ट असली, तरी तिच्यामागे हा इतिहास आहे.

या दुकानांचे स्वरूप सर्वत्र जवळजवळ सारखेच आढळते. दर्शनी भागात शेगडी, बरण्यांतून लाडू, शेव व मालवणी खाजे आणि आत लाकडी बाकडी असतात. दूध-साखर घालून उकळलेला चहा हे मुख्य पेय असून कॉफीचे स्थान दुय्यम असते. जोडीला भजी, बटाटेवडा किंवा उसळ-पाव मिळतो. मालक बहुधा गल्ल्यावरच असतो. पुढची गाडी केव्हा येईल, कोणत्या वाडीला कोणता रस्ता जातो, ही माहिती प्रवाशाला त्याच्याकडूनच मिळते. गणेशोत्सव, शिमगा आणि मे महिना हे गर्दीचे दिवस होत.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये झाला व कसालजवळच्या ओरोस परिसरात त्याचे मुख्य ठाणे वसले. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली. त्यानंतर महामार्गाच्या चौपदरीकरणाने वाहनांचा वेग वाढला. वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला तिठ्यावर थांबण्याचे कारण उरत नाही. ज्या थांब्यामुळे ही दुकाने निर्माण झाली, तो आता प्रवाशाच्या गरजेवर नव्हे, तर त्याच्या इच्छेवर अवलंबून राहू लागला आहे. स्थानिक माणसाला मात्र तेथे अजूनही गाडीची वाट पाहावी लागते आणि दुकानाचा खरा आधार तोच आहे.