चेता-आवेगाच्या गणिताची कुळकथा

जैवअभियांत्रिकीचे विद्यार्थी संख्यात्मक पद्धतींच्या शिक्षणासाठी कोणत्याही देशात एकत्र जमले, तरी त्यांच्यापुढे लवकरच जो पाठ बहुधा येतो तो चेता-आवेगाचे वर्णन करणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांच्या समीकरणांचा. आणि या पाठाचे मूळ शोधू गेल्यास ते हाताने फिरवावयाच्या एका गणनयंत्रापाशी सापडते.

माकुळाच्या देहातील जाड चेतातंतू जे. झेड. यंग यांनी १९३६ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला, आणि त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरत असल्यामुळे त्यात विद्युत्-अग्र लांबीने सरकविणे शक्य झाले. १९४९ मध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत या तंतूच्या पटलावरील विभव ठरावीक मूल्यावर रोखून धरून सोडियम व पोटॅशियम यांचे प्रवाह निरनिराळे मोजण्यात आले व त्यांवरून हॉजकिन व हक्सली यांनी ती समीकरणे बांधली; परंतु ती सूत्ररूपाने सुटणे अशक्य, आणि केंब्रिज विद्यापीठाचा संगणक तर मोठ्या फेरबदलासाठी सहा महिने बंद! सबब हक्सलींनी ब्रुन्स्विगा हे हाताने फिरवावयाचे गणनयंत्र पुढे ओढले, आणि डग्लस हार्ट्री यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या रीतीने, काळाचा एकेक लहानसा तुकडा घेत, हिशेब सुरू केला.

तंतूवरून धावणाऱ्या आवेगाचे गणित विशेष बिकट होते, कारण त्यात स्थल व काल ही दोन्ही चले येतात. आवेग आपला आकार न बदलता एकाच वेगाने धावतो असे गृहीत धरल्याने त्यांतील स्थल गळून पडले, पण वेग अज्ञातच राहिला. तो अंदाजाने मुक्रर करून आरंभ करावयाचा, आणि अंदाज किंचित जरी चुकला तरी विभवाचा आकडा वर किंवा खाली अनंताकडे झेपावयाचा, की पुन्हा नवा वेग घेऊन पहिल्यापासून प्रारंभ. सुमारे तीन आठवड्यांच्या या परिश्रमांती सेकंदाला १८.८ मीटर हा वेग हाती आला; प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग होता २१.२ मीटर. एका जागी रोखलेल्या पटलाच्या मापनांतून, धावत्या आवेगाच्या मापनाचा आधार न घेता, त्याचा वेग इतका जवळचा निघावा, याहून सुंदर फलित त्या शतकातील शरीरक्रियाविज्ञानात मला तरी दिसत नाही.

हे सारे ज्या निबंधात मांडले गेले त्या १९५२ च्या निबंधाचा वंश पुढे विस्तारला. लंडनमध्ये डेनिस नोबल यांनी रात्री दोन ते चार या वेळात मिळालेल्या संगणकावर हृदयाच्या तंतूंसाठी तेच तंत्र योजिले व १९६० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये कूली व डॉज यांनी स्थल न गाळताच संपूर्ण समीकरण संगणकावर सोडविले. आणि अध्यापनाच्या बाजूने, १९८८ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथे संगणकीय चेताविज्ञानाचा अभ्यासवर्ग सुरू झाला. आज तयार संगणक-प्रणाली या समीकरणांचे उत्तर क्षणार्धात देतात. तथापि सोडियमची वाट उघडण्याची क्रिया इतर क्रियांहून पुष्कळ जलद घडत असल्यामुळे, काळाचा तुकडा जरा मोठा घेतला की आकडे भरकटतात, आणि तो किती लहान असावा याचा निर्णय शिकणाऱ्यालाच करावा लागतो.