रोहिणीचे पाणी, पवनेचे पाणी

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. देहूरोड म्हणजे लष्करी छावणी आणि दारूगोळ्याची कोठारे. अशा ठिकाणी बुद्ध आला. आज आपलेच काही लोक म्हणतात, "धम्म घरात ठेवा, सरकारी धोरणात आणू नका." बाबासाहेबांना हे मान्य होते का? मुळीच नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत ही जुनी कथा नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध करून लवादाची सूचना केली. बहुमत विरोधात गेले. सैन्यभरतीला नकार दिला तर कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती, अशी धमकी आली. तेव्हा त्याने परिव्रज्या स्वीकारली. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत बुद्धाच्या वाटचालीची सुरुवातच युद्धाच्या सरकारी ठरावाला केलेल्या विरोधातून होते!

हे फक्त पुस्तकातले नाही. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना हिंदू कोड बिलाइतकेच स्पष्टपणे त्यांनी परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले: ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, मग उपाशी माणसाला काय उरणार?

जगात हे काम नेटाने करणारा एक लहान पंथ आहे, क्वेकर. १७८३ मध्ये त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेकडे अर्ज केला. त्याआधी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी ठरवले होते की गुलाम बाळगणाऱ्याला आपल्यात जागा नाही. आधी घर झाडले, मग संसदेचे दार वाजवले. १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीची सैन्यभरती आणली, तेव्हा सद्सद्विवेकाच्या आधारे नकार देणाऱ्यांना कायद्यात जागा मिळावी म्हणून क्वेकर खासदार झटले. १९४३ पासून वॉशिंग्टनमध्ये कायदे करणाऱ्यांशी बोलणारी त्यांची कायम संस्था आहे. १९४७ चा शांततेचा नोबेल त्यांच्याच संस्थांना मिळाला.

पण आपण क्वेकर नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांची अहिंसा सर्व युद्धांना नकार देते. बाबासाहेबांच्या मते बुद्धाने अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, आंधळा नियम म्हणून नाही. महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून ते स्वतः झटले होते. प्रश्न शस्त्र असण्याचा नाही. ते कोणावर, कोणाच्या हुकमाने रोखले जाते, हा प्रश्न आहे.

मावळाला हा प्रश्न ठाऊक आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर, पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती. रोहिणीचा तंटा दोन गणांचा होता. इथे एका बाजूला शहर आणि सरकार, दुसऱ्या बाजूला शेतकरी. पण दोन्हीकडे प्रश्न एकच: पाण्याचा निवाडा बोलून करायचा की मारून?

याच मावळात कार्ल्याच्या लेण्यात एक राजाज्ञा कोरलेली आहे. ती मामाडच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अधिकाऱ्याला उद्देशून आहे. भिक्खूंना दिलेल्या गावात राजाच्या माणसांनी शिरू नये, असे ती बजावते. सत्तेला मर्यादा घालणारे हे शब्द सुमारे १९०० वर्षे दगडात आहेत. आपण सहलीला जातो, फोटो काढतो आणि परततो.

दर २५ डिसेंबरला देहूरोडला गर्दी होते. गर्दी होऊ द्या. पण वंदना संपल्यावर त्याच गर्दीने पाण्याच्या वाटपावर, पोलिसांच्या बंदुकीवर आणि अंदाजपत्रकावर ठराव करून तो विधानसभेपर्यंत नेला पाहिजे. आणि आधी आपले घर झाडले पाहिजे: पोटजातीचा अभिमान, बाईला दुय्यम जागा. रोहिणीच्या काठी सिद्धार्थ मतदानात हरला होता, पण तो गप्प बसला नव्हता. आपण मात्र न बोलताच हरतो आहोत.

जयभीम.