भारतात होता होता राहिलेलं सार्वमत

हा भाग कानाने ऐकण्याऐवजी डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी हे लेखी रूप.

सुरुवात 'आडव्या बाटली'पासून करू. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर महाराष्ट्रात बायका मतदान मागू शकतात. चिन्हं दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. अट मात्र कडक आहे. आलेल्यांत बहुमत मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

म्हणजे दुकानाचा निकाल लोक थेट लावू शकतात. मग राज्यघटनेचा का नाही? गंमत म्हणजे एकदा तसं ठरत आलं होतं.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. विरोधक तुरुंगात गेले, आपल्या पुण्याच्या येरवड्यातही कित्येक जण होते. पेपरांवर सेन्सॉर बसला. त्याच काळात संसदेनं ४२वी घटनादुरुस्ती केली. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली आणि घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं लिहिलं गेलं. १८ डिसेंबर १९७६ ला राष्ट्रपतींची सही झाली.

त्याच्या तीनच दिवस आधी, १५ डिसेंबरला, तिकडे स्पेनमध्ये लोक रांगेत उभे होते. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला होता. लोकशाहीकडे नेणारा राजकीय सुधारणांचा कायदा हवा की नको, एवढाच प्रश्न होता. सुमारे ७७ टक्के मतदान झालं आणि त्यातल्या ९४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी 'हो' म्हटलं.

आपल्याकडे असा थेट प्रश्न कुणी विचारला नाही. पण मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत लोकांनी तोच प्रश्न सोडवला. तेव्हा जुन्नर-आंबेगाव खेड मतदारसंघात होतं, आजचा शिरूर नंतर आला. महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या, दिल्लीतली सत्ता गेली आणि जनता पक्षाचे मोरारजी देसाई पंतप्रधान झाले.

आता खरी गोष्ट. १९७८ मध्ये कायदामंत्री शांतिभूषण यांनी ४५वं घटनादुरुस्ती विधेयक आणलं. त्यात एक कलम असं होतं: घटनेचं धर्मनिरपेक्ष किंवा लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायालयांचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती करायची असेल, तर आधी देशभर सार्वमत घ्यायचं. किमान ५१ टक्के मतदारांनी मत द्यायला हवं आणि त्यात बहुमत हवं. आडव्या बाटलीसारखीच, थोडक्यांच्या जोरावर मोठा निर्णय होऊ न देणारी अट!

ऑगस्टमध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं. राज्यसभेत मात्र काँग्रेसचं बळ होतं. तिथे सार्वमतासह पाच कलमं गळाली. त्या वेळचे आक्षेप अगदीच फालतू नव्हते. इतक्या मोठ्या देशात गुंतागुंतीचा प्रश्न 'हो-नाही'त कसा मांडायचा? आणि बहुमताच्या जोरावर अल्पसंख्याकांचे हक्कच गेले तर?

६ डिसेंबर १९७८ ला स्पेननं नवी राज्यघटना सार्वमतानं स्वीकारली. दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, आपल्या लोकसभेनं सार्वमत वगळलेलं विधेयक मान्य केलं. तीच आजची ४४वी घटनादुरुस्ती.

मग हाती काहीच लागलं नाही का? असं नाही. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं झाली. 'अंतर्गत अशांतता' हे ढिसाळ कारण जाऊन 'सशस्त्र बंड' आलं. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला. आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही, तो याच दुरुस्तीमुळे.

घटनेच्या गाभ्याची राखण मात्र मतपेटीकडे न येता सुप्रीम कोर्टाकडेच राहिली. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात कोर्टानं ७ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं होतं की संसद घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका न्यायाधीशाचा फरक! ते पुरेसं आहे, की आपल्यालाही विचारायला हवं?

या आठवड्याचं काम सोपं आहे. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ७७ साली मत द्यायला गेला होतात का, आणि मनात काय होतं? उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.