महासाथकालीन ऑनलाइन प्रशिक्षण (ग्रामीण महाराष्ट्र)

कोविड-१९ च्या साथीत ग्रामीण भागातील शिक्षक, आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका यांना मुख्यतः मोबाइलवरून दिले गेलेले सेवांतर्गत प्रशिक्षण. शालेय शिक्षण व सार्वजनिक आरोग्य असे त्याचे दोन प्रवाह होते. गावात पोहोचेपर्यंत ते अनेकदा एकमेकांत मिसळले, हे त्याचे ठळक वैशिष्ट्य.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. तोवर शिक्षकांचे प्रशिक्षण उतरंडीने चाले : राज्यस्तरावर तयार झालेले सुलभक जिल्ह्याला शिकवत, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला (शाळांच्या समूहाला). आशांचे वर्गही प्रत्यक्ष भरत. नवजात बाळाचे वजन करणे, ताप मोजणे त्या हाताने करून शिकत. एकत्र बसणेच धोक्याचे ठरल्यावर दोन्ही व्यवस्था थांबल्या.

शिक्षक : ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला होता. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य फोनवर उघडे. टाळेबंदीत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. तिचे दुवे व्हॉट्सअ‍ॅप गटांतून शिक्षकांपर्यंत व पुढे पालकांपर्यंत जात. दुसऱ्याला शिकवता शिकवताच अनेक शिक्षक हे माध्यम स्वतः शिकले.

औपचारिक प्रशिक्षणात शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ हे राष्ट्रीय प्रशिक्षण महत्त्वाचे. २१ ऑगस्ट २०१९ रोजी ते प्रत्यक्ष वर्गांच्या रूपात सुरू झाले. ऑनलाइन रूपाची पहिली तुकडी १६ जुलै २०२० रोजी आंध्र प्रदेशातील १,२०० सुलभकांची होती. ऑक्टोबरपासून १८ अभ्यासक्रम ‘दीक्षा’वर आले. २०२१ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा २.०’ आणि पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी ‘निष्ठा ३.०’ हे टप्पे निघाले. चित्रफीत, वाचन, कृती व शेवटी प्रश्नमंजूषा असा क्रम असे. प्रमाणपत्र हा अध्यापन सुधारल्याचा पुरावा मानावा काय, याविषयी मतभेद आहेत.

आरोग्य कर्मचारी : एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘आयगॉट-दीक्षा’ हा मंच खुला केला. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका, स्वच्छता कर्मचारी, पोलीस व स्वयंसेवक यांच्यासाठी त्यावर संसर्गप्रतिबंध, संरक्षक पोशाख, विलगीकरण, नमुना घेणे, मानसिक आधार असे अभ्यासक्रम होते. आशांपुढचे काम मात्र निराळे होते : बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवणे, घाबरलेल्या कुटुंबाशी बोलणे आणि हे करताना स्वतःला जपणे.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही राज्याची मोहीम १५ सप्टेंबर २०२० पासून राबवली गेली. पथके घरोघरी जाऊन तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजत. साथीच्या सर्वेक्षणांत शिक्षकांनाही कामे लागली होती. ऑक्सिमीटर म्हणजे काय, तो बोटाला कसा लावायचा, कोणत्या आकड्याला घाई करायची, हे अशा वेळी खडू धरणाऱ्या हातांनाही शिकावे लागले.

स्वयंसेवी संस्था : अनेक संस्थांनी झूम व यूट्यूबवरून समांतर वर्ग घेतले.

पालघर जिल्हा : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात प्रशिक्षणाच्या परिस्थितीची दोन टोके दिसतात. वसई तालुक्यात नालासोपारा-विरारची दाट वस्ती आणि कळंब, राजोडी, अर्नाळा ही किनारपट्टीची गावे जवळजवळ आहेत. मुंबईची लोकल हाकेवर आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पाड्यांत मात्र फोनला रेंज मिळवण्यासाठी उंचवटा गाठावा लागे. साहित्य प्रमाण मराठीत वा हिंदीत. ऐकणारे घर वारली, कातकरी किंवा किनाऱ्यावरचे कोळी. त्यांच्या बोलीत सांगण्याचे काम सेविकेकडेच राहिले.

मर्यादा : २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील केवळ १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. इंटरनेटबरोबरच मोबदला व साधने यांचेही प्रश्न होते. आशा मानधनावर काम करतात. वाढीव कामाच्या मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये त्यांनी राज्यव्यापी संप केला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन छेडले. फोन निकृष्ट असल्याची आणि नोंदींचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप मराठीत नसल्याची त्यांची तक्रार होती.

मूल्यमापन : माहिती वेगाने पोहोचवण्यात हे प्रशिक्षण यशस्वी ठरले; हाताचे कौशल्य व शंकानिरसन यांत ते अपुरे पडले. ती उणीव भरून काढली आशांच्या गटप्रवर्तक, शाळांचे केंद्रप्रमुख व अनुभवी सहकाऱ्यांनी. पुढील साथीची तयारी करताना चांगला फोन, डेटाचा खर्च, बोलीतील साहित्य आणि प्रत्यक्ष सरावाचा दिवस यांची तरतूद प्रशिक्षणाच्या आराखड्यातच व्हायला हवी.